सायंटॉलॉजी : दोन डबे, एक सुई आणि ‘थेटन’

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला भाचा नोकरीनिमित्त फ्लोरिडात टँपाजवळ राहतो. रस्त्यावर कोणीतरी विनामूल्य व्यक्तिमत्त्व-चाचणी देऊ केली, तिथून सुरुवात झाली आणि आता तो क्लिअरवॉटर येथे सायंटॉलॉजीच्या अभ्यासक्रमाला आठवड्यातून तीन संध्याकाळी जातो. फोनवर तो सांगतो की यातही आपल्यासारखाच आत्मा आहे, पुनर्जन्म आहे, मग हरकत कसली? आपल्याला हे जाणून घ्यायचे आहे की ही माणसे नेमके काय मानतात आणि प्रत्यक्षात काय करतात. मी अनेक वर्षे धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवला आहे आणि विसाव्या शतकात जन्मलेले धर्म हा त्यातला माझा मुख्य विषय आहे. त्यामुळे उत्तर लांबले तरी ते अर्धवट राहू नये, असा प्रयत्न करतो.

सायंटॉलॉजीविषयीचे बहुतेक लेखन सात-साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या झेनू नावाच्या सम्राटाच्या कथेपासून सुरू होते. आपण तिथून सुरुवात करू नये, असे मला वाटते. ती कथा आपल्या भाच्याने ऐकलेली नसण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि तो या मार्गावर टिकला तरी ती त्याच्या हाती यायला बरीच वर्षे लागतील. दारातून आत गेलेल्या माणसाला तिथे पुराणकथा भेटत नाही. त्याला भेटते एक शांत खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणारा एक माणूस. सायंटॉलॉजी हा मुख्यतः कृतीचा धर्म आहे. ‘यावर श्रद्धा ठेवा’ असे तो आरंभी सांगत नाही. ‘हे करून पाहा, आणि तुम्हाला जे स्वतः दिसले तेच तुमच्यापुरते खरे माना’ असे सांगतो. त्याची श्रद्धा कृतीच्या पोटातून हळूहळू येते, म्हणून आधी कृती समजून घ्यावी लागते.

त्या कृतीचे नाव ऑडिटिंग. प्रश्न विचारणारा तो ऑडिटर आणि उत्तरे देणारा तो प्रीक्लिअर. प्रीक्लिअरच्या दोन्ही हातांत धातूचे दोन नळकांडीवजा डबे असतात. ते तारांनी ई-मीटर नावाच्या उपकरणाला जोडलेले असतात आणि उपकरणाची तबकडी ऑडिटरकडे वळवलेली असते. डब्यांतून अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह शरीरातून जातो आणि शरीराचा विद्युत्विरोध बदलला की सुई हलते. सत्राच्या आरंभी जेवण आणि झोप पुरेशी झाली आहे ना, हे विचारले जाते. सत्रापूर्वीच्या २४ तासांत मद्य घेतलेले चालत नाही. मग मनात कोणाविषयी दुरावा आहे का, सध्याची एखादी अडचण सतावते आहे का, काही लपवून ठेवले आहे का, अशी प्राथमिक विचारणा होते. त्यानंतर मुख्य प्रश्न येतो आणि तोच प्रश्न पुन्हापुन्हा, ठरलेल्या शब्दांत विचारला जातो. उत्तर मिळाले की ऑडिटर ते मिळाल्याची पोच देतो; सल्ला देत नाही, अर्थ लावून दाखवत नाही, ‘तुमचे चुकले’ असेही म्हणत नाही. त्याच्यासाठी लिहिलेल्या आचारसंहितेतच ही बंधने आहेत. एखाद्या आठवणीवर सुई झटकन सरकली तर ती आठवण उकलली जाते आणि तिच्याशी मिळतीजुळती त्याहून आधीची घटना आहे का, असे विचारत माणसाला मागे मागे नेले जाते. अखेरीस सुई कुठेही न अडखळता डावी-उजवीकडे संथ तरंगू लागते, चेहऱ्यावर हलकेपणा दिसतो आणि ती प्रक्रिया तिथे थांबते. सत्रानंतर प्रीक्लिअर दुसऱ्या एका परीक्षकापुढे पुन्हा डबे धरून बसतो. ऑडिटरची टिपणे एका फायलीत जातात, आणि प्रीक्लिअरशी सहसा समोरासमोर न बोलणारा केस-सुपरवायझर ती वाचून पुढचे सत्र ठरवतो.

या सत्रातून बाहेर येताना अनेकांना खरोखर मोकळे वाटते, आणि ती भावना खोटी नसते. कोणीही मध्ये न बोलता आपले दुःख तासभर ऐकून घेतले, असे किती जणांच्या आयुष्यात घडते? परदेशात एकट्या राहणाऱ्या तरुणाला त्याचे मोल किती वाटत असेल, हे आपण जाणताच. मात्र सुई नेमके काय मोजते, याबाबत चर्च (सायंटॉलॉजीची संस्था स्वतःला असेच म्हणवते; ख्रिस्ती चर्च नव्हे) आणि विज्ञान यांची उत्तरे वेगळी आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्वचेचा विद्युत्विरोध घामाने, हाताच्या पकडीने आणि भावनिक ताणाने बदलतो, हे फार आधीपासून माहीत आहे. चर्चच्या मते मनातील वेदनादायक चित्रांना स्वतःचे सूक्ष्म वस्तुमान असते आणि सुई त्याची हालचाल दाखवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथे धाड घालून ही उपकरणे जप्त केली होती. १९७१ च्या निकालानंतर त्याचा वापर केवळ धार्मिक कार्यापुरता राहिला आणि कोणताही रोग बरा करण्याचा दावा करायचा नाही, अशी सूचना उपकरणासोबत देणे बंधनकारक झाले.

या कृतीमागची मनाची कल्पना एल. रॉन हबर्ड यांची आहे. त्यांचा जन्म १९११ साली नेब्रास्कातील टिल्डन येथे झाला. ते साहसकथा आणि विज्ञानकथा लिहीत असत. मे १९५० मध्ये ‘डायनेटिक्स’ हा त्यांचा ग्रंथ आला आणि त्याच सुमारास त्याचा गाभा विज्ञानकथांच्या एका मासिकातही छापला गेला. त्यात मनाचे दोन भाग मानले आहेत. विश्लेषक मन गणकयंत्रासारखे अचूक असते. प्रतिक्रियाशील मन मात्र वेदना आणि बेशुद्धीच्या क्षणी जागे होते आणि त्या वेळी आजूबाजूला जे जे होते ते सगळे निवड न करता नोंदवून ठेवते. या नोंदीला हबर्ड एनग्राम म्हणतात. समजा, एक मुलगा जिन्यावरून पडून बेशुद्ध झाला. त्या वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजत होती आणि कोणीतरी ‘हलू नकोस’ असे ओरडले. पुढे तिशीत कुकरची शिट्टी ऐकून त्याचे डोके दुखू लागले किंवा ऐन निर्णयाच्या वेळी तो जागच्या जागी थिजला, तर डायनेटिक्स त्याचे कारण त्या एनग्राममध्ये शोधेल. ती घटना पुन्हापुन्हा सांगून घेतली की तिच्यातला जोर ओसरतो, आणि अशा सगळ्या नोंदी पुसल्या गेलेल्या माणसाला ‘क्लिअर’ म्हणतात.

मानसशास्त्राने ही मांडणी स्वीकारलेली नाही आणि स्वतः हबर्ड यांच्या प्रयोगांनीही तिला साथ दिली नाही. ऑगस्ट १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या सभागृहात त्यांनी एक तरुणी जगातील पहिली क्लिअर म्हणून लोकांपुढे आणली. तिची स्मृती परिपूर्ण झाल्याचा दावा होता, पण हबर्ड यांनी पाठ फिरवल्यावर त्यांच्या टायचा रंग कोणता, हे तिला सांगता आले नाही.

डायनेटिक्सपासून धर्माकडे वळण कसे आले, हे समजले की भाच्याच्या ‘आपल्यासारखाच आत्मा’ या म्हणण्याचे उत्तर सापडते. लोक ऑडिटिंगमध्ये जन्माच्याही मागे जाऊ लागले आणि पूर्वजन्मीच्या घटना सांगू लागले. हबर्ड यांच्या आरंभीच्या डॉक्टर सहकाऱ्यांना हे रुचले नाही. मतभेद वाढले, संस्था आर्थिक अडचणीत आली आणि १९५२ मध्ये डायनेटिक्सचे हक्कही काही काळ हबर्ड यांच्या हातून गेले. त्याच वर्षी त्यांनी सायंटॉलॉजी हे नाव पुढे आणले. पूर्वजन्म आठवणारा कोण, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर म्हणजे थेटन, अर्थात देहामागून देह घेणारा अमर आत्मा. माणूस म्हणजे शरीर नव्हे, मनही नव्हे. माणूस म्हणजे थेटन. १९५३ च्या डिसेंबरात न्यू जर्सीत चर्चची नोंदणी झाली आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये लॉस एंजेलिस येथे चर्च स्थापन झाले.

आता तुलना करू. हबर्ड यांनी १९५४ मधील फीनिक्सच्या व्याख्यानांत वेदांना आपले पूर्वसूरी म्हटले होते आणि बुद्धाविषयीही ते आदराने बोलत. पण अद्वैतातील आत्मा अखेरीस ब्रह्माहून वेगळा उरत नाही, आणि वारकऱ्यांचा जीव विठ्ठलाच्या पायी लीन होऊ पाहतो. थेटन कशातही विलीन होत नाही. तो कायम स्वतंत्र व्यक्तीच राहतो. आपल्या परंपरेत त्याच्या सर्वांत जवळचा मला सांख्य दर्शनातील पुरुष, म्हणजे चेतन तत्त्व, वाटतो, कारण पुरुषही अनेक आहेत आणि प्रकृतीहून, म्हणजे जड विश्वाहून, वेगळे आहेत. सायंटॉलॉजीतही एका बाजूला थेटन आणि दुसऱ्या बाजूला पदार्थ, ऊर्जा, अवकाश व काळ यांचे विश्व असते. परंतु सांख्यांचा पुरुष साक्षी आहे, अकर्ता आहे. थेटन पुरता कर्ता आहे. हे विश्व थेटनांनीच आपापसांतल्या संमतीने उभे केले, खेळ म्हणून त्यात उतरले आणि आपण कोण आहोत हे विसरले, असे हबर्ड सांगतात. म्हणून इथले ध्येय संसारातून सुटका हे नसून हरवलेले सामर्थ्य परत मिळवणे, म्हणजे पदार्थ, ऊर्जा, अवकाश व काळावर पुन्हा कर्तृत्व गाजवणे, हे आहे. कर्मसिद्धांतही इथे नाही. थेटनाने केलेली हानिकारक कृत्ये आणि ती लपवण्याची धडपड त्याला आतून जखडते. त्याला बांधणारा बाहेरचा कोणताही नियम नसतो. परमेश्वराविषयी तर मांडणी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. जगण्याच्या प्रेरणेचे आठ स्तर मानले आहेत : स्वतः, कुटुंब, समूह, मानवजात, सर्व सजीव, भौतिक विश्व, आत्मिक विश्व आणि आठवा अनंत अथवा परमतत्त्व. या आठव्याचा अर्थ प्रत्येकाने आपला आपण लावायचा असतो. चर्चच्या आठ टोकांच्या क्रूसाचा अर्थही या आठ प्रेरणांशीच जोडलेला आहे.

रोजच्या व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या आणखी काही कल्पना आपला भाचा पहिल्या काही महिन्यांतच शिकला असेल. जिव्हाळा, वास्तवाविषयीची संमती आणि संवाद यांचा एक त्रिकोण असतो. त्यातला एक कोन वाढवला की उरलेले दोनही वाढतात आणि त्यातून समज निर्माण होते. भावनांची एक अंकपट्टी असते. तिच्यावर दुःख ०.५ वर, राग १.५ वर आणि उत्साह ४ वर असतो. अभ्यासाची एक पद्धत आहे, तिच्यानुसार वाचताना गोंधळ होण्याचे एक मुख्य कारण न समजलेला शब्द हे असते. म्हणून विद्यार्थ्यापुढे शब्दकोश सतत उघडा असतो आणि कल्पना मातीच्या छोट्या आकृत्यांनी करून दाखवाव्या लागतात. संवादाच्या सरावात दोघे समोरासमोर बसून काहीही न करता, न बोलता एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहतात. याच्या पुढच्या पायरीवर राखदाणीला ‘उभी राहा’ अशी आज्ञा करायची, ती स्वतःच उचलायची आणि मग तिचे आभार मानायचे, असाही सराव आहे. बाहेरच्याला तो विचित्र वाटेल, परंतु आत त्याचा हेतू स्पष्ट असतो : आपला संकल्प शब्दांवाचूनही पोचवायला शिकणे.

या सगळ्याची चढण ज्या तक्त्यावर आखलेली असते त्याला ‘ब्रिज’ म्हणतात, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्याकडे नेणारा पूल. खाली प्राथमिक श्रेणी, मग क्लिअर आणि त्यानंतर ‘ऑपरेटिंग थेटन’चे आठ स्तर. आठवा स्तर १९८८ पासून फ्रीविंड्स नावाच्या जहाजावरच दिला जातो. वरच्या स्तरांचे साहित्य गोपनीय असते आणि पुरेशी तयारी नसताना ते वाचणे अपायकारक समजले जाते. झेनूची कथा यातल्या तिसऱ्या स्तरावर येते. त्या सम्राटाने असंख्य जीवांना पृथ्वीवर आणून ज्वालामुखींपाशी मारले आणि त्यांचे भरकटलेले थेटन आजही माणसांना चिकटलेले आहेत, असे तिचे सार आहे. साधकाने त्यांना एकेक करून मोकळे करायचे असते. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात ही कागदपत्रे न्यायालयापुढे आली आणि तिथून वृत्तपत्रांत पोचली. कथा वाचून हसणे सोपे आहे, पण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो की विश्वोत्पत्तीच्या कोणत्याही कथेकडे परक्याच्या नजरेने पाहिले तर ती अशीच दिसते. मला खरी हरकत तिच्या गोपनीयतेला आणि किमतीला आहे. इतर धर्म आपली मूळ कथा पहिल्याच दिवशी मुलांना सांगतात. इथे ती वर्षानुवर्षे पैसे भरल्यानंतर कळते, आणि तोवर नकार देणे माणसाला फार महाग पडलेले असते.

पैशाविषयी स्पष्टच लिहितो. ऑडिटिंग साडेबारा तासांच्या गटांत, ठरलेली ‘देणगी’ घेऊन दिले जाते, आणि वरच्या स्तरांपर्यंत पोचताना लाखो डॉलर गेल्याचे अनेक माजी सदस्यांनी सांगितले आहे. मनात साचलेले संस्कार उकलण्याची साधना आपल्या ओळखीची आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसते. आधीच्या साधकांनी दिलेल्या दानावर ते चालते. भाचा ‘आपल्यासारखेच’ म्हणतो तेव्हा हा फरक त्याच्यापुढे ठेवायला हरकत नाही.

याहूनही महत्त्वाची मला शिस्त वाटते. हबर्ड यांचे शब्द चर्चमध्ये ‘टेक’, म्हणजे तंत्रज्ञान मानले जातात, आणि तंत्रज्ञानात कोणी आपल्या मनाने फेरफार करायचा नसतो. फेब्रुवारी १९६५ चे त्यांचे एक धोरणपत्र याच विषयावर आहे आणि बहुतेक अभ्यासक्रमांच्या आरंभी ते वाचावे लागते. त्यांचे लेखन पोलादी पट्ट्यांवर कोरून, टायटॅनियमच्या पेट्यांत घालून जमिनीखालच्या तळघरांत जतन केलेले आहे. १९८६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांनी पुढील संशोधनासाठी देह ठेवला, असे अनुयायांना सांगण्यात आले. त्यानंतर डेव्हिड मिस्कॅविज यांच्याकडे नेतृत्व आले आणि आजही ते त्यांच्याचकडे आहे. जिथे पद्धत कधीच चुकू शकत नाही तिथे अपयश आले की दोष माणसाचा ठरतो. तो दोष शोधण्यासाठी ‘एथिक्स’ नावाची व्यवस्था आहे. कर्मचाऱ्यांच्या कामाचे आकडे दर गुरुवारी दुपारी दोनपर्यंत द्यावे लागतात, सहकाऱ्याची चूक दिसली तर लेखी कळवायची असते, आणि सांगितलेल्या कबुल्यांच्या फायली जपून ठेवल्या जातात. १९६७ पासूनच्या सी ऑर्ग या अंतर्वर्तुळात जाणारे तर शंभर कोटी वर्षांच्या सेवेच्या करारावर सही करतात. ते पुनर्जन्माच्या श्रद्धेला धरूनच आहे.

सतत अपयश किंवा आजारपण आले तर त्याचे मूळ जवळपासच्या एखाद्या ‘सप्रेसिव्ह’, म्हणजे दडपणाऱ्या, व्यक्तीत शोधले जाते. त्या व्यक्तीशी संबंध तोडणे याला डिस्कनेक्शन म्हणतात. १९६८ मध्ये ही प्रथा रद्द केल्याचे जाहीर झाले होते. १९८३ मध्ये ती पुन्हा आणली गेली. हा प्रत्येकाचा वैयक्तिक निर्णय असतो, असे चर्च म्हणते. आईवडील आणि मुले वर्षानुवर्षे एकमेकांशी बोललेली नाहीत, असे सोडून गेलेले अनेक जण सांगतात, आणि या साक्षी इतक्या सारख्या आहेत की त्या बाजूला सारणे मला शक्य झालेले नाही.

हा धर्म आहे की नाही, याबाबत देशोदेशीची उत्तरे वेगळी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्याला धर्म मानले. अमेरिकेने १९६७ मध्ये काढून घेतलेली करसवलत १९९३ मध्ये परत दिली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांच्या लंडनमधील प्रार्थनागृहात विवाह नोंदवायला मान्यता दिली. त्याच २०१३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने संघटित फसवणुकीची शिक्षा कायम केली, आणि जर्मनीत १९९७ मध्ये त्याच्यावर सरकारी नजर ठेवायला सुरुवात झाली. अमेरिकेतही चर्चच्या माणसांनी सरकारी कार्यालयांत शिरून कागदपत्रे चोरल्याचे १९७७ च्या धाडींत उघड झाले आणि हबर्ड यांच्या पत्नीसह अकरा जण दोषी ठरले. माझे स्वतःचे मत असे आहे की हा धर्मच आहे. पण धर्म आहे म्हणून त्याची चिकित्सा करू नये, असे मुळीच होत नाही.

आता भाच्याविषयी. त्याच्याशी बोलणे कधीही थांबवू नका आणि झेनूवरून त्याची थट्टा करू नका. घरच्यांना ‘दडपणारे’ ठरवायला तेवढेही पुरेसे होऊ शकते. आज सत्रात कोणता प्रश्न होता, सुई कधी तरंगली, त्यानंतर कसे वाटले, हे आस्थेने विचारा. त्याला हवे आहे ते ऐकून घेणे घरूनही मिळते, हे त्याला कळू द्या. काही गोष्टींची चौकशी मात्र ठामपणे करा. नावनोंदणीच्या कागदांत वाद झाल्यास न्यायालयाऐवजी चर्चच्याच लवादाकडे जाण्याचे कलम असते, म्हणून न वाचता सही करू नये, आणि क्रेडिट कार्डावर कर्ज काढून पुढच्या स्तरांचे पैसे आगाऊ भरू नयेत. शुद्धीकरणाच्या नावाखाली रोज पाच तासांपर्यंत सौना (तापवलेल्या खोलीतले घर्मस्नान) आणि नायासिन या ब-३ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घ्याव्या लागतात. बाहेरच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्याने तसे करू नये. आणि तो नैराश्यावर किंवा इतर मानसिक त्रासावर औषध घेत असेल तर हे सर्वांत आधी विचारा, कारण चर्च मानसोपचाराला शत्रू मानते आणि अशी औषधे एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते.